वाकडी रेघ

७ सप्टेंबर, रविवार

आज आमच्या नोटासंग्राहक मंडळाने दक्षिण अमेरिका माझ्या ताब्यात दिली. अख्खी. नोव्हेंबरात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या नोटांचं प्रदर्शन आहे, आणि दक्षिण अमेरिकेच्या चौकटींत लागायच्या सगळ्या सभासदांच्या नोटा मी तपासायच्या. खरी कोणती, बनावट कोणती, कुठल्या काळातली, कुणाच्या सहीची. मी हो म्हटलं तर नोट भिंतीवर, नाही म्हटलं तर मालकाच्या खिशात परत. "त्यांच्या शब्दावर अपील नाही," असं अध्यक्षांनी जाहीर केलं. त्यांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं, त्यामुळे साधं वाक्यही ते 'जेवणानंतर दोन वेळा' अशा थाटात सांगतात.

सगळ्यांत जोरात टाळ्या घड्याळवाल्यांनी वाजवल्या. वाजवणारच. या नादाला मला लावलं त्यांनीच. नोकरीत असताना एकदा त्यांच्या दुकानात घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. काउंटरच्या काचेखाली बोलिव्हियाची एक जुनी नोट ठेवलेली होती. मी सहज वाकून बघितलं आणि बघतच राहिले. आयुष्यभर मोजणी कार्यालयात नकाशे काढले, रेघ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. पण त्या नोटेवरची रेघांची जाळी! केसाहून बारीक रेघा, एकमेकींतून गेलेल्या, आणि एकही कुठे अडखळलेली नाही. मी पट्टा तिथेच विसरून नोट विकत घेऊन घरी आले. तेव्हापासून ते मला रेघाताई म्हणतात, आणि आता सगळं मंडळच म्हणतं.

कामाला आजच सुरुवात केली. टेबलावरचा दिवा मात्र बदलायला हवा, उजेड पिवळा पडलाय.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिलाच गठ्ठा पॅराग्वेचा, आणि पहिल्याच गठ्ठ्यात नेहमीची चूक. नोटेवर १९५२ साल छापलेलं असतं, म्हणून मालकाने चिठ्ठीवर ठोकून दिलं, 'नोट १९५२ची'. अहो, ते साल नोटेचं नाही, कायद्याचं! आधी बारीक अक्षरांत 'लेय' असा शब्द आहे, म्हणजे कायदा. ज्या कायद्याने नोट निघाली त्याची ती तारीख. पुढे कितीतरी वर्षं छापत राहिले तरी तीच तारीख छापायचे. नोटेचं खरं वय कळतं ते सह्यांवरून. कोण गव्हर्नर होता, त्याने कधी सही केली, ते बघायचं. लग्नाची तारीख विचारून बाईचं वय ठरवण्यातला प्रकार झाला हा.

हे मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मग बाईचं वय सहीवरून ठरवायचं का?" आयुष्यभर बस डेपोत टाइमकीपर होते, विनोदही वेळेवर सोडतात.

दिवा ह्यांनी दुपारीच बदलला. नवा तर जुन्याहून भिकार. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला असणार. सह्यांच्या मधोमध बघायला गेलं की शाई पुसट दिसते. हल्ली कशातच दम राहिलेला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

भिंग बदलून आणलं. जुन्याच्या काचेत मधोमध डाग पडल्यासारखा वाटत होता. दुकानातली मुलगी म्हणाली, "काकू, काच एकदम स्वच्छ आहे." मी म्हटलं, बाळ, हे भिंग मी तुझ्या जन्माआधीपासून डाव्या डोळ्याला लावतेय. डावाच का, तर उजव्या हाताने रेघ मारताना भिंग आड येऊ नये म्हणून. कार्यालयात लागलेली सवय. गालाच्या आणि भुवईच्या मध्ये भिंग असं पकडते की शिंकले तरी पडत नाही. नवं भिंग घेतलं. घरी येऊन बघते तर त्यातही तसाच डाग. दोन्ही एकाच कारखान्यातली असणार.

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. इतकी वर्षं रस्त्यात माझ्यापुढे चार पावलं चालणारा माणूस आता माझ्या डाव्या बाजूने, अगदी खेटून चालतो. फुटपाथ उतरताना कोपराला धरतो. मी म्हटलं, "म्हातारपणी ही कसली हौस?" तर म्हणाले, "राहून गेली होती." आज चहा ओतताना कपाबाहेर थोडा सांडला, तर लगेच किटली माझ्या हातातून घेतली. वर म्हणतात, "एकदा डोळे दाखवून येऊ या का?" मी साफ सांगितलं, चष्म्याचा नंबर गेल्याच वर्षी बदललाय आणि मला प्रदर्शनाचं काम आहे. रिकामटेकड्या माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीच्या उठाठेवी सुचतात.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं लिहून ठेवते. मी केलं ते बरोबरच केलं.

बैठकीला घड्याळवाले शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून आले होते, तेव्हाच ओळखलं की काहीतरी खास आणलंय. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमधून त्यांनी एक नोट काढली. उरुग्वेची. तिथे फार पूर्वी खाजगी बँकाही नोटा काढायच्या, तशा एका कधीच बुडून गेलेल्या बँकेची. काळी शाई, मागे फिकट हिरवं, एका बाजूला मेंढ्या आणि मेंढपाळ. ही नोट ते कित्येक वर्षं शोधत होते, हे मला माहीत होतं. मीही शोधत होते, हे त्यांना माहीत होतं. सगळे खुर्च्या ओढून भोवती जमले.

"रेघाताई, तुम्ही हो म्हणा, म्हणजे मधल्या चौकटीत लावू," ते म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखा झाला होता.

मी भिंग लावलं. मेंढ्या बघितल्या, अक्षरं बघितली. मग किनार. किनारीला दोन समांतर रेघा आहेत, आणि त्या मध्येच खचल्यासारख्या वाकल्या होत्या. मी नोट सरकवली, दुसरीकडची किनार बघितली. तिथेही बाक. जिथे बघावं तिथे बाक! असल्या नोटांचे साचे धातूवर कोरलेले, कोरणारे कारागीर नावाजलेले. त्यांच्या हातून किनारीची रेघ वाकडी जाईल? नकला करणारा मात्र चित्राकडे लक्ष देतो आणि किनारीत सापडतो.

मी भिंग काढलं आणि म्हटलं, "बनावट."

 मग घड्याळवाले हसले, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मी किनारीचं सांगितलं. त्यांनी खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली, त्यांच्या कामाची, आणि किनारीला लावली. "आता बघा."

मी पुन्हा भिंग लावून बघितलं. खरं तेच लिहिते. पट्टीही तिथेच वाकली होती. मी म्हटलं, "पट्टी कुठून आणलीत? तीच वाकडी आहे."

सगळे खो खो हसले. अध्यक्षांनी नोट चष्म्याजवळ धरली आणि म्हणाले, "मला तर सरळ दिसते." मी म्हटलं, "तुम्हाला जवळचं दिसत असतं तर लोकांना खोकल्याऐवजी पोटाचं औषध गेलं नसतं." त्यांनी नोट परत दिली. अपील नाही हे त्यांचंच वाक्य होतं.

घड्याळवाल्यांनी नोट पुठ्ठ्यात ठेवली. पट्टी रुमालाने पुसून खिशात ठेवली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "नोट सरळ आहे, रेघाताई. पट्टीही सरळ आहे. तुमची नजर वाकडी आहे."

आणि गेले. म्हणजे मला हेवा वाटला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले! मला! ज्या बाईने स्वतःच्या सख्ख्या भावाच्या शेताचा नकाशाही वीतभर इकडचा तिकडे केला नाही, तिला!

३० सप्टेंबर, मंगळवार

अध्यक्षांचा फोन. घड्याळवाल्यांनी मंडळ सोडलं. बाकीच्या नोटाही परत मागितल्या आहेत. "काही मध्यम मार्ग?" असं अध्यक्ष विचारत होते. मी म्हटलं, रेघ सरळ असते किंवा नसते, तिला मध्यम मार्ग नसतो. फोन ठेवला.

मी मागे हटणार नाही. पण हेही लिहून ठेवते. त्यांचं ते पट्टी पुसणं डोळ्यांसमोरून जात नाही.

ह्यांनी विचारलं, "तू कुठल्या डोळ्याने बघितलंस?" काय प्रश्न आहे! मी म्हटलं, "माणूस बघतो त्या."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर नुसती रडत बसेन.

सकाळी मनात आलं, खरी किनार कशी दिसते ते एकदा आपल्याच नोटेवर बघावं, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल. चिलीची नोट काढली, पेसो आणि कोंडोर अशा दोन नावांनी किंमत छापलेली. भिंग लावलं. किनार वाकडी.

दुसरी काढली. ब्राझीलची. वाकडी. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं बनावट नोटा जपल्या की काय मी? मग ती बोलिव्हियाची काढली, माझी पहिली, घड्याळवाल्यांच्या काउंटरवरची. तीही वाकडी! आणि माझ्या मनात काय आलं असेल? आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मनात आलं, म्हणजे या माणसाने मला पहिल्याच दिवशी गंडवलं.

मी कपाटातून माझी पट्टी काढली. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयातून घरी आणलेली एकमेव वस्तू. या पट्टीने मी किती गावांच्या हद्दी आखल्या. ती नोटेवर ठेवली आणि भिंगातून बघितलं.

ती मध्ये खचली होती.

माझी पट्टी वाकडी असूच शकत नाही. जगातली कुठलीही पट्टी वाकडी असेल, ही नाही. मी भिंग न काढता मान वर केली. लांबचं काही दिसेना, म्हणून भिंग काढून उजवा डोळा हाताने झाकला आणि समोर बघितलं. दाराची चौकट मध्ये आत ओढल्यासारखी दिसत होती. खिडकीचे गज वाकले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरमधला आजचा आकडा तिथे नव्हताच, नुसता करडा डाग होता.

हे कधी येऊन डाव्या बाजूला उभे राहिले ते मला कळलं नाही. त्यांनी माझा हात खाली घेतला आणि आपला तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "आता बघ," म्हणाले.

चौकट सरळ. गज सरळ. पट्टी सरळ. टेबलावरच्या माझ्या सगळ्या नोटांच्या किनारी सरळ, जशा कोरल्या होत्या तशा.

म्हणजे नजर वाकडी होती. अक्षरशः.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं. हे म्हणाले, "माहीत नव्हतं गं. शंका होती. डाव्या बाजूचं काही बघायचं झालं की तू मान पूर्ण वळवायचीस. मी म्हटलं तर तू अंगावर आली असतीस." मी अंगावर आलेच. खूप बोलले. ह्यांना चालता येत होतं डाव्या बाजूने, बोलता येत नव्हतं? हे ऐकून घेत उभे राहिले. मग मला खूप भीती वाटली आणि मी त्यांचा शर्ट धरून रडले.

४ ऑक्टोबर, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी चौकड्यांचा एक कागद दिला, मधोमध ठिपका. म्हणाल्या, "डाव्या डोळ्याने ठिपक्याकडे बघा आणि रेघा जिथे वाकतात तिथे पेन्सिलने काढा." मी पेन्सिलीला टोक करून मागितलं. काढायला वेळ लागला. बाईंनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "इतकं नेमकं आजवर कुठल्या पेशंटने काढलेलं नाही," म्हणाल्या, आणि कागद फाइलला लावला. माझ्याच डोळ्यातल्या खड्ड्याचा नकाशा.

मग त्यांनी समजावलं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध उचलला गेलाय. खाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्यात आणि झिरपतायत. पडदाच फुगल्यावर त्याच्यावर पडलेलं चित्र वाकडं दिसणार. उपाय म्हणजे इंजेक्शन. थेट डोळ्यात. दर महिन्याला, किती महिने ते आज सांगता येणार नाही.

"पुन्हा सरळ दिसेल?" मी विचारलं.

"बरंचसं दिसू शकतं. गेलं तेवढं सगळं परत येईल, असं वचन मी देणार नाही. पण तुम्ही आणखी उशीर केला असता तर मधलं सगळंच गेलं असतं. कशावरून लक्षात आलं तुमच्या?"

मी म्हटलं, "एका मित्राने सांगितलं." 

मला भीती वाटतेय. नोटांची नाही, प्रदर्शनाची नाही. मधोमध बघितलं की तिथे काही नसेल, याची. मी फक्त बघणं शिकलेली बाई आहे, दुसरं काही मला येत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

इंजेक्शन झालं. सुई दिसत नाही, नुसता एक काळा बुडबुडा तरंगत आल्यासारखा दिसला. दुखलं थोडं, घाबरले जास्त. ह्यांचा हात इतका दाबला की बाहेर आल्यावर नर्सने ह्यांनाच आधी बसवलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

घड्याळवाल्यांच्या दुकानात गेले. एकटी गेले, ह्यांना कोपऱ्यावर थांबवलं.

ते काम करत होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. वर बघितलं नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, "तुमची नोट खरी आहे. माझा डोळा बिघडलाय. मी चुकले." इतकी वाक्यं मी वाटेत पाठ केली होती, पुढची विसरले.

चिमटा थांबला. "डोळा? कितपत?" मी सांगितलं. त्यांनी भिंग काढलं, समोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. पण चेहरा काही सैल झाला नाही.

"वाईट झालं," ते म्हणाले. "खरंच वाईट झालं. पण रेघाताई, नोट बनावट म्हणालात ते मी एक वेळ गिळलं असतं. तुम्ही माझ्या हत्याराला वाकडं म्हणालात. सगळे हसले. त्यातल्या निम्म्या लोकांची घड्याळं माझ्याकडे येतात."

"माफी मागायलाच आले."

"दुकानात कोण आहे ऐकायला? चारचौघांत बोललात ते चारचौघांत परत घ्या." आणि त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

बैठकीत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डोळा, पट्टी, सगळं. अध्यक्षांच्या औषधांबद्दल बोलले तेही परत घेतलं. घड्याळवाले अर्थातच नव्हते, ते येतच नाहीत. मग नुसतं बैठकीत बोलून काय उपयोग, असं बाहेर पडताना वाटलं.

अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "आता तुम्ही विश्रांती घ्या. काम दुसऱ्या कुणाला देऊ." मी म्हटलं, "मला दोन डोळे आहेत आणि बिघडलाय एकच." आजवर तपासलेली प्रत्येक नोट पुन्हा तपासणार, उजव्या डोळ्याने. परत पाठवलेल्याही मी आधीच मागवून घेतल्या होत्या. त्यांतली पेरूची एक नोट मी किनारीवरूनच नापास केली होती, ती पास. तिच्या मालकिणीला फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण तुम्हाला सांगणार कोण?" हे वाक्य अजून टोचतंय. ह्यांनीही नेमकं तेच म्हटलं होतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

उजव्या बाजूच्या गालाला भिंग धरायचं वळणच नाही. आज तिसऱ्यांदा चहात पडलं. हे म्हणाले, "साखर ढवळायला बरं आहे." भुवई दुखते, नाक वाकडं होतं, आरशात बघितलं तर मी कुणाला तरी वेडावतेय असं दिसतं. तरी रोज बसतेय. लेखणी आता डाव्या हातात धरावी लागते, नाहीतर हात आड येतो. नोंदी अशा वेड्यावाकड्या होतात की पूर्वीच्या साहेबांनी बघितल्या असत्या तर फाडून टाकल्या असत्या.

चिली संपलं. ब्राझील निम्मं.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुसरं इंजेक्शन काल. डाव्या डोळ्याने दाराची चौकट बघितली. बाक आहे. पण कमी झालाय! हे म्हणाले, मनाचे खेळ नसतील ना? म्हणून मी चौकड्यांचा कागद घेऊन पुन्हा नकाशा काढला. खड्डा खरंच लहान झालाय. मधला डाग आहे तिथेच आहे. तो राहील बहुधा, असं बाई म्हणाल्या. राहू दे. त्याच्या कडेकडेने बघायला शिकेन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकटी लागल्या. मधल्या चौकटीत एक जागा मी रिकामी ठेवली आहे. अध्यक्ष म्हणाले, मोकळी जागा वाईट दिसते, अर्जेंटिनाची एखादी लावून टाका. मी नाही म्हटलं. त्या जागेखाली माझ्या हाताने लिहून पाटी लावली, इतर पाट्यांच्याच आकाराची:

'उरुग्वे. खाजगी बँकेची नोट. ही नोट अस्सल आहे. तपासनीस बाईंनी ती बनावट ठरवली आणि मालकाची पट्टी वाकडी असल्याचं सांगितलं. नोट सरळ आहे, पट्टीही सरळ आहे. तपासनीस बाईंची नजर वाकडी होती. त्यांनी मालकाची जाहीर माफी मागितली आहे.' खाली माझी सही.

अध्यक्षांनी दोनदा वाचलं. "लोक हसतील," म्हणाले. मी म्हटलं, "हसू देत. या वेळी बरोबर माणसाला हसतील."

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून गर्दी. लोक पाटीपाशी थांबत होते, हसत होते, मग माझ्याकडे बोट दाखवत होते. सुरुवातीला कान तापले, मग सवय झाली. एका बाईंनी पाटी वाचून मला विचारलं, रेघा वाकड्या दिसतात म्हणजे नेमकं कसं, त्यांच्या आईलाही तसं काहीतरी होतंय. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला आणि उद्याच जा म्हणून बजावलं.

दुपारी घड्याळवाले आले. गळ्यापर्यंत बटणं. सरळ मधल्या चौकटीपाशी गेले, पाटी वाचली. मी माझ्या टेबलाशीच बसून राहिले.  ते बराच वेळ पाठमोरे उभे होते. मग माझ्या टेबलाशी आले आणि खिशातून एक नोट काढून ठेवली. उरुग्वेची नव्हे. कोलंबियाची, लाल, ठसठशीत.

"गेल्या महिन्यात घेतली," ते म्हणाले. "कुणाला दाखवू कळेना. बघा."

आजूबाजूचे सभासद वळून बघू लागले. अध्यक्ष पण सरकत सरकत जवळ आले. मी भिंग उजव्या डोळ्याला लावलं. पडू नये म्हणून बोटाने धरलं. किनार सरळ. अक्षरं चोख. चेहरा छान. मनात म्हटलं, देवा, खरी असू दे. मग मी गालाची सावली बघितली. कोरलेल्या नोटेत सावली रेघांची असते, बारीक बारीक रेघा एकमेकींजवळ आणलेल्या. इथे रेघ नव्हतीच. ठिपके होते. छापील फोटोत असतात तसे ठिपके.

मी नोट फिरवून पुन्हा बघितली. मग केसांत बघितली, मग झेंड्यात. सगळीकडे ठिपके. आता या माणसाला, याच लोकांसमोर, मी तोच शब्द पुन्हा ऐकवायचा?  'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. डोळा बिघडलेल्या बाईला कुणी नावं ठेवली नसती.

मी भिंग खाली ठेवलं आणि म्हटलं, "बनावट."

 घड्याळवाल्यांनी विचारलं,

"कुठल्या डोळ्याने बघितलंत?"

"चांगल्या."

"मग बनावटच," ते म्हणाले. त्यांनी ती नोट उचलली नाही, माझ्याकडे सरकवली. "ठेवा तुमच्याकडे. नवीन लोकांना ठिपके दाखवायला." म्हणजे त्यांनाही ठिपक्यांची शंका होती! मी विचारलं, तर म्हणाले, "शंका होती. खात्री करायला तुमच्याकडेच येणार ना? दुसरं आहे कोण मला?" आणि मग बाहेरच्या खिशातून ते पुठ्ठ्याचे दोन तुकडे काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

मी उठले, चौकटीपाशी गेले. अध्यक्ष स्टूल घेऊन धावले, हे मागून आले आणि सवयीने डाव्या बाजूला उभे राहिले. उरुग्वेची नोट मी स्वतःच्या हाताने लावली. सरळ लागली की नाही, ते कुणाला विचारलं नाही.